भुशीचं पाणी आणि आईंच्या चार वह्या



आषाढ चतुर्दशीला आपला चातुर्मास बसतो. साधू-साध्वी एका जागी थांबतात, आपणही बाहेरगावी जाणं कमी करतो, घरात पालेभाजी बंद होते. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या लोणावळ्यात सगळी मुंबई आणि सगळं पुणं लोटतं. सगळ्यांना जायचं असतं ते भुशीला. सोलापूरहून लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मला याची गंमत वाटायची. आम्ही सगळे घरात आणि गाव सगळं रस्त्यावर!

आज भुशीविषयीच लिहायचं आहे, पण धबधब्याविषयी नाही. पैशाविषयी लिहायचं आहे. आपल्या बायकांच्या गप्पांत हा विषय फार येत नाही. आला तरी ‘ते यांनाच माहीत’ म्हणून आपण सोडून देतो.

३० जून २०२४ च्या रविवारी भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलंही होती. त्या रात्री आमच्या गल्लीत कुणाला धड झोप लागली नाही. पुढे प्रशासनाने निर्बंध आणले आणि धरणाजवळच्या टपऱ्या हटवल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्याकडे पूर्वी कामाला येणारी एक बाई दारात येऊन उभी राहिली. बरीच वर्षं ती भुशीच्या वाटेवर कणसं भाजून विकायची.

“काकू, जीव गेले ते वाईटच झालं. बंदी घातली तेही बरोबर. पण माझं वर्षाचं पीक दोन महिन्यांत येतं, ते यंदा गेलं. आता मी काय करू?”

तिला काय सांगायचं ते मला लगेच सुचलं नाही. चहा दिला, बसवलं. मग कपाटातून माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या, जुन्या वह्या काढल्या. त्या वह्यांबद्दल पुढे सांगते. त्याआधी या घाटाचा थोडा इतिहास सांगायला हवा, कारण त्या बाईचा प्रश्न या घाटात नवा नाही.

घाटातली वाट बदलते

आपल्या मावळात पाले नावाचं गाव आहे. तिथल्या डोंगरात एक साधं लेणं आहे आणि त्यात ब्राह्मी लिपीतला छोटा शिलालेख आहे. अरहंतांना नमस्कार करून तो सुरू होतो. भदंत इंद्ररक्षित यांनी हे लेणं आणि पोढी करवली, असं त्यात म्हटलं आहे. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या जैन लेखांत अभ्यासक त्याची गणना करतात. कार्ल्याची आणि भाज्याची बौद्ध लेणीही याच टापूत आहेत, आणि कार्ल्याच्या लेखांत दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची नावं कोरलेली आहेत.

हे सगळं इथेच का, तर कोकणातल्या बंदरांतून घाटावर येणारा माल याच वाटेने चढायचा. घाट चढून आलेल्या माणसाला आणि बैलाला आधी पाणी लागतं. पाणी जिथे, तिथे मुक्काम. मुक्काम जिथे, तिथे चार पैशांचा व्यवहार. लोणावळ्याचं अर्थशास्त्र दोन हजार वर्षं हेच आहे. बदलली ती फक्त वाट.

ती एकदा फार मोठी बदलली. बोरघाटात रेल्वेचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. पहिल्या ठेकेदाराच्या काळात मजुरांची मजुरी थकली, दंगा झाला, काम थांबलं. मग इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल नावाचे ठेकेदार आले, पण १८५९ मध्ये इथे पोहोचल्यावर थोड्याच आठवड्यांत ते वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस परक्या मुलखात एकट्या उरल्या. त्यांनी ठेका सोडला नाही. स्वतःच्या नावावर घेतला, अनुभवी अभियंत्यांना व्यवस्थापक नेमलं आणि काम पुरं करवलं. २१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटातून गाडी सुरू झाली. काम जोरात असताना एका वेळी ४० हजारांहून अधिक मजूर या डोंगरात राबत होते. पटकीच्या साथीने त्यांतले किती तरी गेले. गाडी खंडाळ्याच्या बोगद्यात शिरते तेव्हा मला ॲलिसबाई आठवतात, आणि ज्यांची नावं कुठेच लिहिली गेली नाहीत ते मजूरही आठवतात.

गाडी आली आणि बैलांच्या तांड्यांवर जगणाऱ्यांचं काम हळूहळू आटलं. पण गाडीलाही पाणी लागायचंच! इंजिनं वाफेची. घाट चढून आलेल्या इंजिनाला पाणी देण्यासाठी रेल्वेने इंद्रायणीवर भुशीला बांध घातला. आज ज्या पायऱ्यांवर पर्यटक बसतात, तो बांध मुळात इंजिनाची तहान भागवायला होता, हे आमच्या गावातल्या मुलांनाही माहीत नसतं.

पुढे १९२९-३० च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिनं आली. त्याच सुमारास घाटातला मार्गही सुधारला आणि जिथे गाडीची दिशा उलटवावी लागायची ते रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं. गाडी जिथे थांबत होती, तिथे आता थांबेना. म्हणजे पुन्हा वाट बदलली. भुशीचं पाणी मात्र वाया गेलं नाही. वाफेचं इंजिन गेलं आणि शहरातला माणूस भिजायला आला. बांध तोच, गिऱ्हाईक दुसरं.

गूळ, दाणे आणि थांबलेली गाडी

लोणावळ्याची चिक्कीही या रेल्वेचीच लेक म्हणायला हवी. रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना मगनलाल यांच्या दुकानातून गूळदाणी विकली जायची, तीच पुढे चिक्की म्हणून गाड्यांमध्ये पोहोचली, अशी गोष्ट इथे सगळे सांगतात. मी कॉमर्सची पदवीधर. मला त्या गोष्टीत गोडाहून हिशेब जास्त दिसतो. गूळ आणि शेंगदाणे दोन्ही आपल्याकडे पिकणारे, दोन्ही टिकणारे. चूल एक, कढई एक. मजुराला पोटभरीचं आणि प्रवाशाला भेट द्यायला, असं एकाच पदार्थाने दोघांना धरलं. खाली कर्जतला गाडी मागून ढकलणारं इंजिन जोडायला थांबते, म्हणून तिथे बटाटेवडा प्रसिद्ध झाला. तो आपल्याला चालत नाही, ही गोष्ट वेगळी!

(मला नेहमी विचारतात म्हणून सांगते, शेंगदाणा जमिनीत येतो पण तो कंद नाही, बी आहे. वाळवलेले दाणे आपल्याकडे चालतात.)

याच पावसातून टाटांनी आणखी एक मिळकत काढली. वळवण, लोणावळा, शिरवता हे तलाव बांधले, पाणी नळांतून खाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ मध्ये वीज मुंबईला गेली. तोच पाऊस, तोच उतार. कुणाला त्यात चिखल दिसला, कुणाला वीज दिसली. अर्थात तलावांखाली ज्यांची भातखाचरं गेली, त्यांच्या वहीत ती नावेच्या बाजूलाच पडली, हेही लिहून ठेवायला हवं.

माहेरचा माणूस घाटात

आता आपल्या समाजाकडे येते. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. माझं माहेर सोलापूर, म्हणून त्यांचं नाव घरात आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. वडील हिराचंद नेमचंद सावकारी आणि कापसाच्या व्यापारातले. पण तेवढीच त्यांची ओळख नव्हती. १८८० च्या दशकात त्यांनी ‘जैन बोधक’ हे नियतकालिक सुरू केलं.

सावकारी आणि कापूस हा घरचा चालता धंदा. वालचंदांचं मन त्यात रमेना. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेत कारकून होते. त्यांना या कामातलं खाचखळगं ठाऊक होतं, आणि वालचंदांमागे घरचं भांडवल आणि पत होती. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या कामापासून ठेकेदारी सुरू केली. पुढे १९२० च्या दशकात वालचंद यांच्या बांधकाम कंपनीने याच बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदले. ॲलिसबाईंच्या घाटात साठ वर्षांनी सोलापूरचा जैन माणूस ठेकेदार म्हणून उभा राहिला. इथून जाताना मला याचा अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू?

त्यांच्या उद्योगांची यादी केली तर पान भरेल. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी वगैरे भागीदारांबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. त्यांची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन. नाशिक जिल्ह्यात रावळगावला आणि आपल्या पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कळंबला ऊस आणि साखर कारखाने. कळंबचं नाव पुढे वालचंदनगर झालं. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स.

पण नुसती यादी पाहून उपयोग नाही. ती जोडली कशी गेली ते पाहा. बांधकामातून माणसं आणि दगड हाताळायला शिकले. पडीक जमीन घेतली, तिथे ऊस लावला. उसासाठी कारखाना. कारखान्याला यंत्रं लागतात, म्हणून वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रंच बनू लागली. रावळगावला साखर होतीच, तिच्या गोळ्या झाल्या. आपल्या सगळ्यांच्या लहानपणी फ्रॉकच्या खिशात असायच्या त्याच! बऱ्याच वेळा एका कामाचा उरलेला माल किंवा अंगी आलेली कला दुसऱ्या कामाचं भांडवल झाली.

आणि सगळं टिकलं असं अजिबात नाही. बोटींच्या धंद्यात इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून जेरीला आणलं. विमानांचा कारखाना १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला. विशाखापट्टणमच्या गोदीत बांधलेली ‘जलउषा’ १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली, पण ती गोदीही पुढे सरकारकडे गेली. १९४९ मध्ये पक्षाघाताने वालचंदांची तब्येत खचली आणि १९५३ मध्ये ते गेले. एवढे धक्के बसूनही घर उभं राहिलं, कारण सगळा भार एका खांबावर नव्हता.

किती, आणि कुठपर्यंत?

इथे तुमच्यापैकी कुणी तरी म्हणणारच, “ताई, हे सगळं ठीक, पण आपला धर्म अपरिग्रह शिकवतो. आणि तुम्ही मिळकती वाढवायला सांगता?”

हा प्रश्न मलाही बरीच वर्षं सतावत होता. उत्तर मला आनंद श्रावकाच्या कथेत मिळालं. श्वेतांबर परंपरेच्या उपासकदशांग सूत्रात ती आहे. आपल्या वाचकांत दोन्ही परंपरांच्या मैत्रिणी आहेत, पण कथा सगळ्यांच्या कामाची. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ. त्याच्या संपत्तीची मांडणी सूत्रात स्पष्ट सांगितली आहे: चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्याजाने वाढीला लावलेलं, चार कोटी घर-संसाराच्या मालमत्तेत, शिवाय गाईंचे चार कळप. शेती, गाड्या आणि जहाजं होती ती वेगळीच. भगवान महावीरांपुढे त्याने बारा व्रतं घेतली तेव्हा या सगळ्याला मर्यादा घातली. आहे त्याहून जास्त नको. घरी येऊन पत्नी शिवानंदा हिला सांगितलं, आणि तिनेही जाऊन स्वतः व्रतं घेतली.

म्हणजे संपत्ती वेगवेगळ्या जागी वाटून ठेवण्याला धर्माची आडकाठी नाही. परिग्रह-परिमाण व्रत विचारतं ते एवढंच, की तुझा आकडा कुठे थांबतो? पंधरा कर्मादानं आणखी एक प्रश्न विचारतात, तुझा पैसा कशातून येतो? जंगलतोड, विषाचा व्यापार, तळी आटवणं, प्राण्यांना पीडा देणारे धंदे हे सगळे त्या यादीत आहेत. स्फोटकर्म आणि यंत्रपीडनही आहेत. मग बोगदे आणि उसाचे चरक यांचं काय? वालचंद शेठजींचा निवाडा करणारी मी कोण! पण अभिमान वाटतो त्याच ठिकाणी हा प्रश्नही टोचतो, आणि तो टोचावा हेच बरं. नवी मिळकत सुरू करताना आधी हा कागद समोर ठेवायचा, मग नफ्याचा.

बायकांच्या बाबतीत तर आपल्या समाजाने हे शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांची मुलगी मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाली. वडिलांनी तिला शिकवलं आणि तिने मुंबईत श्राविकाश्रम उभारला. सोलापूरच्या कंकूबाई त्यांच्या साथीला होत्या. घरचा आधार एका माणसावर असतो आणि तो माणूस जाऊ शकतो, हे ज्यांनी भोगलं त्यांनीच इतर बायकांच्या हाताला विद्या आणि काम दिलं.

आईंच्या चार वह्या

आता त्या वह्या. सासऱ्यांचं किराणा दुकान जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. ट्रकवाले, एस.टी.चे प्रवासी, सुट्टीला येणारी मंडळी, दिवसभर गर्दी. आई मात्र दुकानाच्या पैशावर कधी विसंबल्या नाहीत. पहिल्या वहीत दुकानातून घरखर्चाला येणारे पैसे. दुसरीत मागच्या खोलीचं भाडं; मुंबईहून हवापालटाला येणारी कुटुंबं तिथे राहायची. तिसरीत पापड आणि चिक्कीचे पैसे. पाक झाला की नाही हे त्या थेंब पाण्यात टाकून बघायच्या, कट् असा मोडला पाहिजे. पावसाळ्यात चिक्की सादळते म्हणून त्या चार महिन्यांत फक्त पापडांच्या जुन्या ऑर्डरी पुरवायच्या, नवीन काही नाही. चौथी वही दानाची.

मी नवी नवी बी.कॉम. होऊन आलेली. म्हटलं, “आई, एकच कीर्द ठेवा ना, शेवटी बेरीज तीच येते.”

त्या म्हणाल्या, “बेरीज तीच येते गं, पण कोणतं माणूस आजारी आहे ते कळत नाही.”

याचा अर्थ मला २००२ मध्ये कळला. द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला आणि आमच्या दुकानासमोरचा रस्ता दुपारी सुद्धा शांत राहायला लागला. दुकानाचा गल्ला वर्षभरात निम्म्यावर आला. हे रात्र रात्र जागे असायचे. तेव्हा पहिली वही आजारी आहे, दुसरी आणि तिसरी ठणठणीत आहेत, हे स्पष्ट दिसत होतं. आम्ही कर्ज काढून दुकान सजवलं नाही. खोली दुरुस्त केली, चिक्कीचा माल वाढवला, आणि मी गल्लीतल्या तीन दुकानांचे हिशेब लिहायला घेतले. वीस वर्षं कपाटात पडलेली माझी पदवी तेव्हा पहिल्यांदा कमावती झाली. मुलाचं शिक्षण थांबलं नाही. त्या दोन-तीन वर्षांतही आईंनी चौथी वही बंद केली नाही. रक्कम कमी केली, पण पान कोरं जाऊ दिलं नाही.

कणसं विकणाऱ्या बाईला मी या वह्या दाखवल्या. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवल्या. मग नवी वही उघडून आम्ही तिला काय काय येतं ते लिहिलं. ती म्हणाली, “कणसंच येतात.” बोलता बोलता निघालं की तिच्या हातची नाचणीची भाकरी आणि तांदळाचे पापड चांगले होतात, तिच्या दारात दोन आंबे आहेत, आणि बचतगटात तिचं नाव आहे पण ती बैठकीला जात नाही. आधी बैठकीला जायला सांगितलं. पापडाचं सामान आणायला पैसे दिले, उसने म्हणून, वहीत लिहून. फुकट दिले असते तर तिने मान खाली घालून नेले असते.

तिचं सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. कणसांच्या दोन महिन्यांत जे यायचं ते पापडांतून वर्षभरातही आलं नाही. सध्या ती सकाळी एका घरी स्वयंपाक करते, दुपारी पापड लाटते, आणि उन्हाळ्यात आंबे झाले तर विकते. तीन कामं मिळून कसंबसं जुन्या आकड्याच्या जवळ पोहोचते. पण मागच्या पावसात घाटात दरड आली आणि चार दिवस रस्ता बंद होता, तेव्हा ती माझ्याकडे रडत आली नाही. भेटली तेव्हा म्हणाली, “काकू, एक वही बंद होती, दोन चालू होत्या.”

मैत्रिणींनो, या चातुर्मासात एवढं करून बघा. घरातल्या प्रत्येक मिळकतीला वेगळं पान द्या, भाडं असो, व्याज असो, शिकवणी असो नाही तर शिवण. ज्या पानावर सगळा भार आहे ते उद्या कोरं झालं तर काय, हे घरच्यांबरोबर बसून एकदा बोला. स्वतःचं नाव किती पानांवर आहे तेही बघा. आणि आनंद-शिवानंदेसारखं शेवटी एक रेघ ओढून ठेवा, इथपर्यंत पुरे.

दानाचं पान मात्र आधीच राखून ठेवा. आईंची चौथी वही आता मी लिहिते. पापडाच्या सामानाचे तिचे उसने पैसे फिटले, त्या दिवशी तिने वर दहा रुपये ठेवले आणि म्हणाली, “हे त्या शेवटच्या वहीत लिहा.” मी लिहिले.

जय जिनेंद्र.